उजवा पाय

पुढची गाडी नीट चालली होती, सिग्नल हिरवा होता, आणि तरीही मास्तरांचा उजवा पाय खाडकन खाली गेला. खाली काहीच नव्हतं. रबरी चटई होती आणि चटईखाली पत्रा. गाडी मुलगी चालवत होती. मास्तर शेजारच्या सीटवर डबा मांडीवर धरून बसले होते. स्कूटर गॅरेजमध्ये गेली नसती तर ते या सीटवर बसलेही नसते. मुलीने गाडी घेतल्याला वर्ष होत आलं होतं, आणि या वर्षात त्यांना दर वेळी काही ना काही कारण सापडलं होतं. स्कूटर पटकन निघते, गाडी लावायची कटकट नको, तुला वाट वाकडी पडेल. आज कारणं संपली होती. मुलीने आरशात पाहिलं, बाजूचा दिवा लावला, गाडी सावकाश कडेला घेतली आणि एका बंद दुकानासमोर उभी केली. मग हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून ती म्हणाली, "बाबा, घरापासून इथपर्यंत किती वेळा ब्रेक दाबलात?"

"कुठला ब्रेक?"

"तेच म्हणते मी. कुठला?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं. ती समोरच्या दुकानाच्या शटरकडे बघत होती. "तुमचा पाय गेला ना, की मला वाटतं मीच काहीतरी चुकले," ती म्हणाली. "आणि मग मी खरंच चुकते." एवढं बोलून तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली, आणि घेतली तीही छान, मागून येणाऱ्याला आधी जाऊ देऊन. उरलेल्या रस्त्यात मास्तर दोन्ही पाय सीटखाली ओढून, घोट्यावर घोटा अडकवून बसले. गुडघे दुखायला लागले तरी त्यांनी पाय सोडवले नाहीत. विमानतळाच्या फाटकाशी ते उतरताना मुलीने सांगितलं की संध्याकाळी ती घ्यायला येईल. नको, मी येईन कसातरी, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते मान हलवून उतरले.

मास्तर विमान शिकवत. ज्यांच्या दाढीमिशा धड फुटलेल्या नाहीत अशा पोरांना शिकवत आणि ज्यांची पोटं सुटलेली आहेत अशा हौशी गृहस्थांनाही. दोन सीटच्या लहान विमानात विद्यार्थी डावीकडे बसतो, शिकवणारा उजवीकडे. दोघांच्या पुढ्यात सारखंच सुकाणू आणि दोघांच्या पायाशी सारखीच पेडलं, विमानाचं नाक डावीउजवीकडे वळवणारी. एकाने पेडल दाबलं की दुसऱ्याचंही आपोआप दबतं. मास्तरांचं निम्म्याहून जास्त आयुष्य अशा उजवीकडच्या सीटवर गेलं होतं. घरी बायको म्हणे, यांचा उजवा पाय नोकरीवर आहे आणि डावा पेन्शनीत निघालाय. दूध उतू जायला लागलं की गॅस बंद करायच्या आधी यांचा पाय दाबला जातो. "तुमच्यासाठी स्वयंपाकघरात एक पेडल बसवून घेऊ का," असं ती चारचौघांत विचारी आणि मास्तरही हसत. जित्याची खोड, असं ते स्वतःच म्हणत. पण आज ती खोड हसण्यावारी जाईना. मी खरंच चुकते, हे वाक्य त्यांच्याबरोबर फाटकातून आत आलं, हजेरीच्या खोलीत आलं आणि विमानं ठेवायच्या हँगरच्या थंड, तेलकट वासातही त्यांच्या शेजारी येऊन उभं राहिलं.

कारण आज शुक्रवार होता. मोठ्या साहेबांनी, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, शुक्रवारपर्यंत निकाल मागितला होता. निकाल मुंगीचा. मुंगी हे नाव हँगरमधल्या मंडळींनी ठेवलं होतं. ती चणीने इतकी लहान होती की नाकासमोरची धावपट्टी दिसावी म्हणून बुडाखाली उशी घेऊन बसे, आणि ती उशी घरून काखेत मारून आणे. कामही मुंगीचंच. बोलणं कमी, एकदा सांगितलेलं पुन्हा विचारणं नाही, चुकलं तर तेच दहादा करून पाहणं. तिच्याबरोबर लागलेली सगळी पोरं एकेक करून सोलो गेली होती. सोलो म्हणजे शिकवणारा विमानातून उतरतो आणि विद्यार्थी एकटा एक चक्कर मारून परत येतो, बस, एवढंच. उडायचं, मैदानाला वळसा घालायचा, उतरायचं. पण त्या एका चकरेच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा माणूस वेगळा असतो. मुंगीच्या नंतर आलेल्यांचेही सोलो झाले, रिवाजाप्रमाणे अंगावर पाण्याच्या बादल्या ओतून झाल्या, आणि मुंगी अजून मास्तरांच्या शेजारी बसून उतरत होती. उतरत होती तेही लोण्यासारखं. कॅप्टनला तेच समजत नव्हतं. तो म्हणाला होता, उतरणं इतकं चांगलं आहे तर सोड तिला, आणि सोडवत नसेल तर काहीतरी गडबड आहे असं समज. मग मीच तिला सांगतो की बाई, दुसरं काहीतरी बघ. मुंगीने यासाठी चांगली नोकरी सोडली होती आणि माहेरच्यांशी अबोला धरला होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. तिला "दुसरं काहीतरी बघ" म्हणणं म्हणजे काय, हे मास्तरांना कॅप्टनपेक्षा जास्त कळत होतं.

मग का सोडलं नाही? मास्तरांनी हा प्रश्न स्वतःला आजवर नीट विचारला नव्हता. रोज एक कारण मिळत होतं. परवा वारा आडवा होता. त्याच्या आदल्या दिवशी धुरकट होतं. एकदा तर कारण म्हणून तिचं सर्दीने लाल झालेलं नाक पुरलं. आता विमानाच्या दाराशी उभं राहून ते कारणांकडे पाहत होते आणि त्यांना ती ओळखीची वाटत होती. स्कूटर पटकन निघते, गाडी लावायची कटकट नको. तीच कारणं, फक्त कपडे बदलून आलेली.

मुंगी यायला अवकाश होता. मास्तर विमानात वाकले आणि कधी नव्हे ते पेडलांकडे बघू लागले. विमान जुनं, पण पेडलांवरचं रबर मागच्या मोठ्या दुरुस्तीत बदललेलं, चारही एकदमच. डावीकडच्या दोन पेडलांवर, विद्यार्थ्यांचे बूट रोज ज्यांवर असतात त्यांवर, आडव्या रेघा अजून बोटाला लागत होत्या. उजवीकडच्या सीटसमोरचं डावं पेडलही बरं होतं. उजवं मात्र घासून गुळगुळीत झालं होतं, मधोमध तर आतला धातू चमकत होता. हे विमान मास्तरांशिवाय दुसरा कोणी शिकवायला घेत नसे. त्यांनी त्या चमकत्या जागी अंगठा ठेवला. एखाद्या देवळाच्या उंबरठ्यासारखी झिजली होती ती जागा, आणि झिजवणारा भक्त एकच होता. मग त्यांना एकदम वाटलं, मुंगीचं ते लोण्यासारखं उतरणं कुणाचं? आपण पाटीवर पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेतो आणि शेवटी म्हणतो, वा, किती सुंदर काढलंस. हात सोडल्यावर काय निघतं ते बघितलंय का कधी? ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले, आणि पाठीत कळ आली तेव्हा उठले.

तो पाय तिथे उगाच गेला नव्हता, हेही खरं. पुष्कळ वर्षांपूर्वी एक उंच, हसरा विद्यार्थी होता. बुद्धीने तल्लख, हाताने चपळ, सोलोला अगदी तयार. एका दुपारी चाकं जमिनीला लागल्यावर त्याने नको ते पेडल जोरात दाबलं आणि विमान धावपट्टी सोडून थेट नाल्याकडे वळलं. मास्तरांचा पाय वेळेवर पडला म्हणून नाल्याच्या काठाशी, गवतात ते थांबलं. कुणाला खरचटलंही नाही. पोरगा हसला, म्हणाला, सर वाचवलंत, आणि जेवायला गेला. मास्तरांचा पाय मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत राहिला. घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं, काही झालंच नव्हतं. त्या रात्री लहानगी मुलगी खुर्चीवर चढून फडताळातली कसली तरी बरणी काढत होती. खुर्ची हललीही नव्हती. मास्तरांनी झेप घेऊन तिला खाली ओढलं, इतकं जोरात की तिच्या कोवळ्या दंडावर चारही बोटं उमटली. ती रडली नाही. नुसती दंड चोळत त्यांच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस कोण. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, यात नवल नाही. पण मास्तर तेव्हापासून दुसऱ्याच्या हातातलं ताकही फुंकू लागले होते.

त्यानंतर ती जे जे शिकली ते त्यांच्या नकळत शिकली. सायकल शिकली, ती शिकून झाल्यावर एका रविवारी दारासमोरून दोन चकरा मारून दाखवल्या तेव्हा यांना कळलं. पोहणं मामाकडे शिकली. गाडी तर गावातल्या शिकवणाऱ्यांकडे, पैसे देऊन. सगळ्या जगाची पोरं ज्याच्या हाताखाली शिकली त्याची एकुलती एक मुलगी बाहेर शिकते, याचं त्यांना तेव्हा वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते बायकोजवळ बोलूनही दाखवलं होतं. दिव्याखाली अंधार, असं ते म्हणाले होते. बायको कणीक मळत होती. "अंधार कसला," ती म्हणाली होती, "उजेड जास्त होतो तिला." त्यांनी ते तेव्हा चेष्टेत नेलं होतं. आज सकाळी बंद शटरसमोर उभ्या केलेल्या गाडीत ते वाक्य त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं, असं म्हणायला हरकत नाही.

मुंगी आली. काखेत उशी, केसांना घट्ट रबर, डोळे किंचित सुजलेले. शुक्रवार तिलाही ठाऊक होता, नसायला ती काय झोपली होती. तिने विमानाभोवती फिरून नेहमीची तपासणी केली, पंखाखालच्या पेट्रोलचा थेंब काचेच्या नळीत धरून पाहिला, चाकाला हात लावला, आणि आपल्या जागी चढून उशी सारखी केली. मास्तर शेजारी बसले. त्यांनी सीटखालची कडी उचलली आणि सीट मागे सरकवली. नेहमीची खाच सोडून आणखी मागे, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. कडी खट् करून बसली. आता त्यांनी पाय लांब केले तरी बुटांची टोकं पेडलांपासून वीतभर अलीकडे राहत होती. हात सुकाणूपर्यंत जेमतेम पोचत होते. म्हणून ते त्यांनी मांड्यांखाली घातले. इतक्या वर्षांत इतकं मागे बसून त्यांनी विमान पाहिलंच नव्हतं. मुंगीने त्यांच्या बुटांकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि इंजिन सुरू केलं. हे शहाणपण आहे की म्हातारचळ, याचा विचार करायला मास्तरांना वेळ उरला नाही.

इंजिन पूर्ण ताकदीने धावायला लागलं की या विमानाचं नाक डावीकडे ओढ घेतं. ते सरळ ठेवायला उजवा पाय लागतो. नाक डावीकडे गेलं, मुंगीने दाबलं, जास्त दाबलं, ते उजवीकडे गेलं, पुन्हा परत आलं, आणि अशी नागमोडी रेघ काढत विमान एकदाचं वर उठलं. आजपर्यंत असं कधी झालं नव्हतं. मुंगी दोरीत धरल्यासारखी सरळ जायची. म्हणजे दोरी कुणाची होती ते कळलं. खाली घरांची छपरं, गोदामं, वाळत घातलेले कपडे मागे पडत होते. मास्तरांच्या मनात एक दुष्ट, सुटका झाल्यासारखा विचार येऊन गेला: चला, नाही जमत तिला, कॅप्टनला सांगून टाकू, सुटलो. तो विचार आला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पोरीचं नुकसान आपल्या सोयीचं वाटावं, इतका का हा पाय मोठा झाला.

वळसा घालून ती उतरायला लागली. वेग बरोबर होता, उंची बरोबर होती, सगळं पुस्तकातल्यासारखं. आणि जमीन जवळ आली तसं विमान थोडं तिरकं झालं. थोडंच. पण ते तिरकेपण वाढत चाललं आणि धावपट्टीची मधली पांढरी रेघ काचेतून हळूहळू बाजूला सरकायला लागली. मास्तरांचा उजवा पाय खाली गेला. खाली पत्रा होता. त्यांनी आणखी जोरात दाबलं, जणू पत्र्यातून पाय आरपार जाईल, आणि त्याच क्षणी मुंगीची नजर तिच्या उजवीकडे, खाली वळली. मास्तरांनी ती नजर पाहिली आणि त्यांना धक्का बसला, कारण ती नजर त्यांना पाठ होती. रोज याच उंचीवर ती अशी वळायची. त्यांना वाटे ती यंत्रांकडे बघते. ती त्यांच्या गुडघ्याकडे बघत होती. गुडघा हलला की तिला कळायचं की आता सर घेताहेत. आज तिथे गुडघा नव्हता. हात मांडीखालून निघाले होते, मास्तर पट्ट्यात पुढे झुकले होते, तोंड उघडलं होतं.

"नाही, परत जाते," मुंगी म्हणाली. ती हे त्यांना म्हणाली नाही. कुणालाच म्हणाली नाही. तिने मुठीने इंजिनाची कांडी पूर्ण आत ढकलली, इंजिन गरजलं, नाक सवयीप्रमाणे डावीकडे निघालं, आणि मास्तरांनी पाहिलं की तिचा लहानसा उजवा गुडघा पँटीच्या आत काठीसारखा ताठ झाला. नाक थांबलं. सरळ झालं. धावपट्टीला चाक न लावता विमान वर चढायला लागलं. ती कुठेही बघत नव्हती. समोर बघत होती. मास्तर सावकाश मागे टेकले. त्यांनी हात पुन्हा मांड्यांखाली घातले, पण आता ते नुसते तिथे होते.

सोलोला कोण तयार असतं, हे त्यांनी किती जणांना किती वेळा समजावलं होतं. उतरायला येतं तो नव्हे. उतरणं बिघडलंय हे ज्याला आपलं आपण कळतं, आणि जो कुणाचं तोंड न बघता ते सोडून देतो, तो. हे वाक्य त्यांचंच होतं, नव्या शिकवणाऱ्यांना ते बोटं नाचवत ऐकवत. आणि मुंगीला त्यांनी एकदाही उतरणं बिघडवू दिलं नव्हतं. बिघडायच्या आधीच पाय पोचलेला. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे खरं. पण इथे काठावरचा माणूस पाणीच आटवत होता. पुढच्या खेपेला ती उतरली तेव्हा विमान दोन्ही चाकांवर चांगलं आपटलं आणि दोघांचे दात एकमेकांवर वाजले. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र ती सरळ आली, रेघेवर आली, आणि चाकं लागल्याचा आवाज झाला. ठसठशीत आवाज. आजवरचा मऊ आवाज मास्तरांचा होता. हा दुसऱ्या माणसाचा होता, आणि चांगला होता.

धावपट्टी सोडून कडेच्या रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "सर, आज तुमचे पाय नव्हते."

मास्तरांनी विचारलं, तुला कळायचं का. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं. नाकावरच्या पंख्याच्या फिरत्या चकाकीकडे बघत, अगदी काळजीने, जणू त्यांना लागेल असं बेताने तिने उत्तर दिलं.

"मला वाटलं, त्याशिवाय तुम्हाला भीती वाटत असेल."

मास्तर हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी बाजूच्या खिडकीबाहेर बघण्याचं काम काढलं. तिथे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर लटकत होती. जरा फुगली असती, थोडी आडवी झाली असती, तरी अजून एक दिवस मिळाला असता. ती ओल्या मोज्यासारखी सरळ खाली लोंबत होती. वाऱ्यानेही ऐन वेळी साथ सोडली होती. "इथेच थांबव," ते म्हणाले. "इंजिन चालू राहू दे. मी उतरतो."

उतरल्यावर शिकवणाऱ्याला एक काम असतं. आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधायचा, नाहीतर तो हवेत सुटून कशाततरी अडकतो. मास्तरांनी पट्टा सीटवर आडवा घेतला, कडी अडकवली, ओढून घट्ट केली. आपल्याच जागी कुणीतरी नाही, त्याला नीट बांधून ठेवल्यासारखं ते काम होतं आणि त्यांचे हात ते सावकाश करत होते. पंख्याच्या वाऱ्याने त्यांचा सदरा फडफडत होता. त्यांनी दारातून ओरडून तिला एवढंच सांगितलं की माझं वजन गेल्यावर विमान हलकं होईल, लवकर उठेल, उतरताना तरंगेल. तरंगू दे, घाई करू नकोस. तिने मान हलवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांचाही पडला असावा, पण तो बघायला तिथे कुणी नव्हतं. त्यांनी दार लावलं, तळहाताने दोनदा थोपटलं, आणि मागे सरले.

त्यांना त्यांच्या म्हाताऱ्याची आठवण झाली, म्हणजे ज्याने त्यांना शिकवलं त्याची. दातांत काडी धरून बोलणारा माणूस. एका सकाळी तो मध्येच उतरला, म्हणाला, जा, एक चक्कर मारून ये, आणि गवतात धावपट्टीकडे चक्क पाठ करून बसला. मास्तर वरून ती पाठ बघत होते. उन्हात एक खाकी ठिपका. इतका कसा कोरडा हा, असं वाटून त्यांना रागही आला होता, आणि रागाच्या भरात ते छान उतरले होते. पुढे कधीतरी त्यांनी विचारलं, तुम्ही बघत का नव्हता? म्हातारा म्हणाला होता, बघितलं असतं तर तुझ्या मानेला कळलं असतं. आता मुंगीचं विमान धावपट्टीच्या टोकाला वळलं तेव्हा मास्तरांनीही ठरवून पाठ फिरवली. गवत, कुंपण, कुंपणापलीकडे एक माणूस सायकलवरून दोन सिलिंडर नेत होता. मागे इंजिन गरजलं. मास्तर तेवढ्यात वळले. ती छाती म्हाताऱ्याची होती, आपली नाही, हे त्यांनी मुकाट्याने कबूल केलं.

विमान उठलं ते टुणकन. एका माणसाचं वजन गेल्यावर किती हलकं होतं ते, हे मास्तर हजारदा बोलले होते, पण तो माणूस म्हणजे आपण, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ते वर चढत गेलं, वळलं, मैदानाच्या पलीकडून उलट्या दिशेने जायला लागलं. लहान होत गेलं. आवाज आधी गेला, मग परत आला. तेवढ्या वेळात आपण काय करतो आहोत याची मास्तरांना शुद्ध नव्हती. बोटं खिशातल्या किल्ल्या मोजत होती, पुन्हा मोजत होती. मग ते समोर आलं, पुढचा दिवा लुकलुकत. तिरकं होतं का? नव्हतं. मग जमिनीजवळ ते तरंगलं. तरंगतच राहिलं. धावपट्टी खालून संपत चालली आणि चाकं काही लागेनात. टेकव, मास्तर पुटपुटले, टेकव गं बाई, आणि पुन्हा म्हणाले, नाही, नको, तरंगू दे. ती थांबून राहिली. इतका वेळ थांबणं त्यांना जमलं नसतं. त्यांच्या पायाने केव्हाच काहीतरी केलं असतं. चाकं लागली. ठसठशीत. विमान रेघेवर धावत गेलं आणि मंद झालं. मास्तरांनी खाली पाहिलं तर उजव्या बुटाखालचं गवत मातीत रुतलं होतं आणि टाचेपाशी छोटा खड्डा पडला होता. त्यांनी तो बुटानेच सारखा केला.

इंजिन बंद करून ती बाहेर आली तोवर हँगरची मंडळी बादल्या घेऊन पोचली होती. भिजण्याआधी मिळालेल्या घटकाभरात मास्तरांनी तिला विचारलं की वर गेल्यावर बाजूच्या सीटकडे बघितलंस का. खरं तर विचारायचं नव्हतं.

"एकदाच बघितलं सर."

"मग?"

"मोकळी होती." तिचा चेहरा फुलला होता. "बरं वाटलं." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने जीभ चावली. तेवढ्यात पाणी आलं. कॅप्टन खिडकीतून बघत होता. त्याने अंगठा दाखवला आणि खिडकी लावून घेतली. मास्तर बाजूला उभे होते. बरं वाटलं, हे त्यांना लागलं, चांगलंच लागलं, आणि तरी दिवसभर ते जिभेखाली काहीतरी ठेवल्यासारखे ते शब्द चघळत राहिले. तिची ओली उशी त्यांनी स्वतः उन्हात नेऊन ठेवली.

संध्याकाळी मुलीची गाडी फाटकाशी उभी होती. मास्तर बसले. पट्टा लावला. मग खाली वाकून सीटची कडी शोधली आणि सीट मागे सरकवली, शेवटपर्यंत. मुलीने विचारलं, पाय दुखताहेत का. ते म्हणाले, नाही, असंच बरं आहे. रस्त्याला गर्दी होती. पहिल्याच चौकात समोरच्या रिक्षाने अचानक दम खाल्ला आणि मास्तरांचा पाय गेलाच. तिला दिसलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. आणि गाडी तिने केव्हाच थांबवली होती. "एकदम नाही सुटायचं," मास्तर म्हणाले. ती म्हणाली, ठीक आहे. पुढचा चौक गेला. त्याच्या पुढचाही गेला.

मग मास्तरांनी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "तुला सायकल कुणी शिकवली गं?"

आधी तिचा विश्वास बसेना बहुतेक. मग म्हणाली, कुणी नाही, पाण्याच्या टाकीमागे उतार होता ना, तिथे. मैत्रिणीची मोठी सायकल होती, पाय पोचायचे नाहीत, खूपदा पडले, एकदा तर पार काटेरी झुडपात, आईला सांगितलं होतं की मांजराने ओरबाडलं. आईला पटलं का, त्यांनी विचारलं. आईला सगळं ठाऊक होतं, ती म्हणाली, आयोडीन आईच लावायची. आणि ती सांगत सुटली. कुठल्या दिवशी तोल सापडला, तेव्हा कसं वाटलं, उतार संपल्यावर थांबायचं कसं ते माहीतच नव्हतं म्हणून ती मैदानात गोल गोल फिरत राहिली होती. मास्तर पाय सीटखाली घेऊन ऐकत होते. घराचं वळण आलं. तिने ते घेतलं नाही, गाडी सरळ पुढे जाऊ दिली. मास्तरांनी ते पाहिलं, आणि विचारलं, "मग थांबलीस कशी?"